वाड्याची आठवण येते ती नेमकी कुठल्या वाड्याची?

पुण्याच्या जुन्या वाड्याचा फोटो कुणी टाकला की दहा मिनिटांत खाली "गेले ते दिवस" सुरू होतं. चौक, तुळशीवृंदावन, करकरणारा लाकडी जिना, कोजागिरीचं दूध. मलाही दर वेळी भरून येतं, कारण माझं आजोळ नारायण पेठेतल्या असल्याच एका वाड्यात होतं. पण गेली काही वर्षं या विषयावरचं हाताला लागेल ते वाचत गेले तसं लक्षात यायला लागलं की आपण पेशवाईतल्या खांबांचे आणि महिरपींचे फोटो बघतो खरे, पण आठवण काढतो ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी त्याच भिंतींच्या आत उभ्या राहिलेल्या बिऱ्हाडकरूंच्या वाड्याची. या दोन वाड्यांमधे काय काय घडलं ते एकदा सलग लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

शनिवारवाड्याचा पाया घातला 10 जानेवारी 1730 ला. पेशव्यांचा मुक्काम पक्का झाला तसे सरदार, सावकार, कारकून सगळेच पुण्यात घरं बांधायला लागले आणि पेठा वाढत गेल्या. बांधणीची रीत साधारण सारखीच, दगडी जोतं, सागवानी खांब आणि तुळया, मधे विटा-मातीच्या जाड भिंती, वर कडीपाट म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत. रस्त्याच्या बाजूने घर जवळजवळ बंद, मोठा दरवाजा आणि त्यात वाकून जायची दिंडी, आत देवडी. उजेड आणि वारा यायचा तो चौकातून. खोली मोजायची ती खणांत, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर एक खण, आणि हे माप इतकं टिकलं की आमची आजी शेवटपर्यंत "आमची चार खणांची जागा होती" असंच म्हणायची, स्क्वेअर फूट तिच्या तोंडी कधी आलंच नाही. पाण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून जमिनीखालून नळ आणला, त्यावर हौद. हे सगळं बहुतेक एकाच घराण्यासाठी असायचं, म्हणजे मालक, त्याचं गोतावळ्याचं कुटुंब, आश्रित, नोकरचाकर. शेजारी ही गोष्ट वाड्याच्या आत नव्हतीच.

1818 ला पेशवाई गेली आणि बऱ्याच घराण्यांचं उत्पन्न आटलं. एवढाले वाडे सांभाळायचे कशाने? खुद्द शनिवारवाडा 1828 च्या आगीत गेला. विश्रामबागवाड्यात 1821 ला संस्कृत पाठशाळा सुरू झाली. भिडेवाड्यात 1848 ला जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, म्हणजे मुलींच्या शिक्षणाची एवढी मोठी सुरुवात झाली ती एका वाड्याच्या खोल्यांमधे, आणि तो वाडा डिसेंबर 2023 मधे स्मारकासाठी पाडला. तो इतका मोडकळीला आला होता की दुसरा मार्ग राहिला नसेलही, पण फोटो बघताना पोटात तुटलं.

बाकीच्या साध्या वाड्यांचं असं काही नाव झालं नाही. भावाभावांत वाटण्या झाल्या, चौकाच्या मधोमध भिंती आल्या, आणि रिकाम्या खोल्या भाड्याने जायला लागल्या. पुण्यात रेल्वे आली, सरकारी कचेऱ्या होत्या, शाळा-कॉलेजं निघत होती, त्यामुळे कोकणातून, साताऱ्याकडून नोकरीला आणि शिकायला येणाऱ्यांना जागा हवीच होती. मग 1897 चा प्लेग आला. घरोघरी तपासण्या, माणसांना छावण्यांमधे हलवणं, लोकांचा संताप आणि 22 जूनला रँडवर गोळ्या, हा इतिहास आपण शाळेत शिकतो पण घरांच्या बाजूने त्याकडे फारसं कोणी बघत नाही. दाटीवाटीच्या अंधाऱ्या खोल्यांची एक धास्ती मनात बसली असणार असं मला वाटतं. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत ज्यांना परवडलं ते नदीपलीकडे गेले, डेक्कन जिमखाना, प्रभात रोड, स्वतंत्र बंगला, भोवती बाग. मागे राहिलेल्या वाड्यांत आणखी बिऱ्हाडं आली.

हाच तो आपला वाडा. आमच्याकडे अकरा बिऱ्हाडं, एक हौद, एक आड, चौकात एक नळ आणि मागे चार सामाईक संडास. पहाटे बंब पेटल्याचा वास यायचा, उन्हाळ्यात चौकभर कुरडया-पापड वाळत असायचे आणि राखायला कुणाचीही पोरं बसायची, कुणाकडे पाहुणे आले की गाद्या दुसऱ्याच्या घरून, बारसं असलं की पाळणा तिसऱ्याच्या घरून. मालकांना सगळे दादा म्हणत आणि त्यांच्या बायकोला माई, माझ्या आजीला अख्खा वाडा काकू म्हणायचा, तिचं खरं नाव तिथल्या निम्म्या मुलांना माहीत नसावं. दारं दिवसभर उघडी. आईला परकरात पडवीच्या कुठल्याही कोपऱ्यात झोप लागली तरी रात्री कोणीतरी उचलून घरात आणून ठेवायचं, आणि हे ती सांगते तेव्हा अजूनही तिचा आवाज बदलतो.

हे सगळं इतकी वर्षं टिकलं कसं, तर त्याचं एक मोठं कारण कायद्यात आहे. मुंबई राज्याचा 1947 चा भाडे नियंत्रण कायदा फेब्रुवारी 1948 पासून लागू झाला आणि प्रमाण भाडं ठरवताना 1 सप्टेंबर 1940 चं भाडं धरलं. युद्धानंतरची जागांची टंचाई, फाळणीनंतर येणारी माणसं, भाडेकरूंना संरक्षण हवंच होतं, तो कायदा गरजेचा होता असं मी ठामपणे म्हणेन. पण तो मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं राहिला. भाडं जागच्या जागी, त्यामुळे कोणीच जागा सोडेना, आणि कोणीच सोडेना म्हणून तीन-तीन पिढ्या तीच माणसं शेजारी. आपण जिला वाड्याची माया म्हणतो तिच्यात हा वाटा फार मोठा आहे, माणसं चांगली होतीच पण ती जागेवर राहिली म्हणून एकमेकांची झाली. आणि त्याच कायद्याने वाडा आतून पोखरलाही. महिन्याच्या दहा-बारा रुपयांत मालक कडीपाट कसा बदलणार? कौलं गळायची, तुळया कुजायच्या, मालक म्हणणार भाडेकरूंनी करावं, भाडेकरू म्हणणार मालकाचं काम. 1997 ला सुप्रीम कोर्टाने हे गोठलेलं भाडं आता अवाजवी आणि मनमानी झालंय असं म्हटलं, आणि 31 मार्च 2000 पासून नवा कायदा आला ज्यात वर्षाला चार टक्के वाढ आहे. तोवर बरेच वाडे संपले होते.

मधे पानशेत झालं. 12 जुलै 1961. पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही गेलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. मातीत बांधलेल्या विटांच्या भिंती पाण्यात उभ्या राहिल्या की विरघळतात हो, नंतर पाणी ओसरल्यावरही कोसळत होत्या. आई तेव्हा नऊ वर्षांची. आजोबा सगळ्यांना घेऊन पर्वतीकडे निघाले, आजीने देव आणि धान्याची एक पिशवी घेतली, बाकी सगळं तिथेच. आमचा वाडा उभा राहिला पण शेजारचे दोन गेले. नळ बंद पडले होते तेव्हा आडाच्या पाण्याने तारलं असं आई सांगते. कितीतरी पूरग्रस्त कुटुंबं पेठांमधून कायमची उठली, गोखलेनगर, सहकारनगर या वसाहती त्यातूनच वाढल्या, आणि पुण्यातल्या माणसाला पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर पेठेबाहेर राहायची सवय लागली ती इथून, असं मला वाटतं.

आता "साधं आयुष्य" म्हणतात त्याबद्दल. आजी साडेचारला उठायची, संडासाची आणि नळाची रांग टाळायला. पाळीच्या दिवसांत बाहेर बसणं, बाळंतिणीची अंधारी खोली, रात्री मागे जायचं तर कंदील आणि सोबत हवी. पूर्वी ते संडास टोपलीचे होते, मागच्या बोळातून एक बाई येऊन मैला डोक्यावरून न्यायची, आणि तिला चौकात पाऊल टाकायची मुभा नव्हती. बिऱ्हाड ठेवताना मालक आडनाव आधी विचारायचे. सगळ्यांची दारं उघडी असायची असं आपण लिहितो तेव्हा दिंडी दरवाजा कोणासाठी उघडा नव्हता तेही लिहायला पाहिजे, मी आजीवर आणि त्या वाड्यावर जीव टाकते म्हणूनच हे लिहितेय.

मग 1963 ला फ्लॅटच्या मालकीचा कायदा आला, 1970 ला अपार्टमेंटचा, आणि ऐंशीच्या दशकात बिल्डर पेठांमधे फिरायला लागले. सौदा सोपा होता, मालकाला पैसे आणि फ्लॅट, भाडेकरूंना फ्लॅट, उरलेले विकायचे. आमचा वाडा 1989 ला पाडला. सागाच्या तुळया आणि नक्षीचा दरवाजा जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने ट्रकमधे भरून नेला, आजोबा त्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत. आजी मात्र नव्या फ्लॅटमधे पहिल्या रात्री दोनदा उठून बाथरूममधला नळ सोडून बघून आली. स्वतःचा नळ, स्वतःचा संडास, आतून कडी. वयाच्या 63 व्या वर्षी. ती वाड्याची आठवण खूप काढायची पण परत जाऊया असं एकदाही म्हणाली नाही.

आता ते अपार्टमेंटही रिडेव्हलपमेंटला निघालंय. आड तेव्हा बुजवला नव्हता, वर स्लॅब टाकून पार्किंग केलं होतं. गेल्या उन्हाळ्यात दोन महिने टँकर लागले, तेव्हापासून मामा दर मीटिंगमधे एकच सांगतोय, की खोदाई करायच्या आधी तो स्लॅब काढून बघा, खाली पाणी असेल तर आड ठेवायचा.