सार्वजनिक सुरक्षाविषयक शोधपत्रिकांची प्रकाशन व उद्धरण आकडेवारी

पोलीसव्यवस्था, गुन्हेगारी, तुरुंग, न्यायवैद्यक तपास आणि सार्वजनिक सुव्यवस्था या विषयांवरचे संशोधन छापणाऱ्या नियतकालिकांत किती लेख येतात, किती छापले जातात आणि छापलेल्या लेखांचा आधार पुढे किती जण घेतात, यांचे मोजमाप. पहिल्या दोन गोष्टी प्रकाशनाच्या आकडेवारीत येतात, तिसरी उद्धरणाच्या. गोव्यात या आकड्यांशी गाठ पडते ती बहुधा महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या बढतीच्या फाईलमध्ये. कुर्टी-फोंडा येथे राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचे संकुल आल्यापासून न्यायवैद्यकाचे विद्यार्थीही ‘पेपर स्कोपसमध्ये (म्हणजे शोधपत्रिकांच्या त्या नावाच्या सूचीत) आहे का?’ हा प्रश्न विचारू लागले आहेत.

प्रकाशनाची आकडेवारी

वर्षाला अंक किती, आलेल्या लेखांपैकी स्वीकारलेले किती, निर्णयाला लागलेले दिवस किती आणि लेखक कोणत्या संस्थांचे, ही यातली मुख्य कलमे. ओपन जर्नल सिस्टम्स ही मुक्त संगणकप्रणाली वापरणाऱ्या पत्रिकांना यातली बरीचशी मोजणी आपसूक मिळते. सारांश किती वेळा उघडला आणि पूर्ण लेख किती वेळा उतरवून घेतला, हेही तीत नोंदले जाते.

स्वीकृतीचे प्रमाण कमी म्हणजे पत्रिका कडक, असा सरसकट समज आहे. तो फारसा खरा नाही. विषयाशी संबंध नसलेले लेख ढिगाने येत असतील तरी प्रमाण खाली जाते. त्यापेक्षा लेखक कुठले, हे कलम जास्त बोलके असते. प्रकाशक संस्थेबाहेरचे लेखक किती, हे पाहिले की पत्रिका खुली आहे की घरची, ते कळते. सुरक्षाविषयक पत्रिकांना हा प्रश्न विशेष लागू होतो, कारण त्यांतल्या बऱ्याच पोलीस संघटना, अकादमी किंवा गृहखात्याशी जोडलेल्या संस्था चालवतात. ‘द इंडियन पोलीस जर्नल’ हे १९५४ पासूनचे त्रैमासिक केंद्रीय गृह मंत्रालयाच्या पोलीस संशोधन व विकास ब्यूरोचे आहे. अशा पत्रिकेत सेवेतला अधिकारी लिहितो आणि सेवेतलाच अधिकारी वाचतो. यात गैर काही नाही, मात्र उद्धरणाच्या हिशेबात त्याचा परिणाम दिसतो.

उद्धरणाची आकडेवारी

एका लेखाने दुसऱ्या लेखाचा संदर्भसूचीत उल्लेख केला की एक उद्धरण झाले. अशा उल्लेखांची सूची करावी, ही कल्पना युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात मांडली. १९६४ मध्ये त्यांच्या संस्थेची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची निघाली आणि १९७५ पासून ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’ हा वार्षिक अहवाल सुरू झाला. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे प्रभावांक, त्या अहवालातून घराघरांत नाही तरी कॉलेजाकॉलेजांत पोहोचला. हा अहवाल २०१६ पासून क्लॅरिव्हेट या कंपनीकडे आहे.

प्रभावांकाचे सूत्र सोपे आहे. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या मजकुराला यंदा मिळालेली उद्धरणे वर, त्या दोन वर्षांतल्या ‘उद्धरणयोग्य’ लेखांची संख्या खाली. समजा, एका सहामाही पत्रिकेने दोन वर्षांत ४० शोधनिबंध छापले आणि त्यांना तिसऱ्या वर्षी ३० उद्धरणे मिळाली. प्रभावांक ०.७५ आला, हल्ली एकच दशांश देतात, म्हणून ०.८. आता त्याच पत्रिकेच्या संपादकीयांना आणि वाचकांच्या पत्रांना आणखी १४ उद्धरणे मिळाली असतील तर ती वरच्या बेरजेत जातात. खाली मात्र संपादकीय मोजत नाहीत, कारण ते शोधनिबंध नव्हे. प्रभावांक होतो १.१.

गोव्यातल्या वाचकाला हा घोटाळा लगेच कळावा, कारण तो राज्याच्या गुन्हेदरातही आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दर लाख लोकसंख्येमागे गुन्हे किती ते देतो. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची वस्ती १४.५८ लाख, तर २०२४ मध्ये येऊन गेलेले पर्यटक एक कोटीच्या वर. कळंगुटला पर्यटकाचा मोबाईल चोरीला गेला तर तो गुन्हा वर मोजला जातो. तो पर्यटक खालच्या लोकसंख्येत कुठेच नसतो. आकडा खोटा नसतो, पण त्यावरून गोव्याची तुलना पर्यटक कमी असलेल्या राज्याशी करणाऱ्याने छेदात कोण आहे ते आधी पाहावे.

प्रभावांक ही सरासरी आहे आणि उद्धरणे समान वाटलेली कधीच नसतात. पेर सेग्लेन यांनी दाखवले, की सर्वाधिक उद्धृत १५ टक्के लेखांकडे निम्मी उद्धरणे जातात. लहान पत्रिकेत एखादाच लेख सगळे चित्र पालटतो. याचे गाजलेले उदाहरण स्फटिकशास्त्रातले आहे. जॉर्ज शेल्ड्रिक यांच्या २००८ मधल्या एका लेखामुळे ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या पत्रिकेचा प्रभावांक एका वर्षात २.०५ वरून ४९.९३ वर गेला. बाकीचे लेख होते तसेच होते.

इतर मापे थोडक्यात अशी. स्कोपस या एल्सव्हियरच्या सूचीचे साइटस्कोअर चार वर्षांचा हिशेब धरते आणि २०२० पासून वर-खाली एकाच प्रकारचे, तज्ज्ञांनी तपासलेले लेख मोजते. त्यामुळे संपादकीयाची पळवाट तिथे बंद झाली. एच-निर्देशांक होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये व्यक्तींसाठी सुचवला. गूगल स्कॉलरने २०१२ पासून तो पत्रिकांना लावला आणि मागच्या पाच वर्षांपुरता मर्यादित ठेवला: किमान १० उद्धरणे असलेले १० लेख असले, ११ चे ११ नसले, तर निर्देशांक १०. या यादीत यायला पाच वर्षांत किमान १०० लेख लागतात. वर्षाला २० लेख छापणारी आपली सहामाही पत्रिका काठावर बसते. एक अंक चुकला तर ती यादीतून बाहेर. त्या वर्षी तिचा दर्जा घसरला असा अर्थ मात्र कोणी काढू नये.

या क्षेत्राची अडचण

सार्वजनिक सुरक्षेच्या संशोधनाचा वाचक उद्धरण देत नाही, ही मूळ अडचण आहे. वाळपईच्या पोलीस प्रशिक्षण विद्यालयातल्या शिक्षकाने एखाद्या निबंधावरून गस्तीचा पाठ बदलला, तर तो निबंध ज्या कामासाठी लिहिला ते झाले. सूचीत त्याची नोंद शून्य. सरकारी परिपत्रक, आयोगाचा अहवाल किंवा न्यायालयाचा निकाल यांतले उल्लेख प्रभावांकात धरत नाहीत. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये पोलीस सुधारणांचे निर्देश दिले. त्यामागे राष्ट्रीय पोलीस आयोगाचे १९७९ ते १९८१ मधले आठ अहवाल होते, आणि त्यांना कोणत्याही पत्रिकेच्या खात्यात जागा नाही. अशा क्षेत्रात लेख उतरवून घेणारे भरपूर आणि उद्धृत करणारे मोजके, ही तफावत नैसर्गिक म्हणायला हवी. उतरवण्याचा आकडाही जपून वाचावा लागतो. यंत्रचलित भेटी त्यात मिसळलेल्या असू शकतात.

दुसरे असे, की या क्षेत्राचे वजनदार लेखन त्याच क्षेत्राच्या पत्रिकांत येतेच असे नाही. फुटक्या खिडकीकडे दुर्लक्ष झाले की मोठ्या गुन्ह्यांना वाट मिळते, हा जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांचा सिद्धान्त मार्च १९८२ मध्ये ‘द अटलांटिक मंथली’ या मासिकात आला. हजारो शोधनिबंधांनी त्याचा आधार घेतला, आक्षेपही घेतले. घरगुती मारहाणीत अटक केल्याने पुनरावृत्ती कमी होते का, हे तपासणारा मिनियापोलिसचा प्रयोग लॉरेन्स शर्मन आणि रिचर्ड बर्क यांनी १९८४ मध्ये समाजशास्त्राच्या पत्रिकेत छापला. त्याची उद्धरणे समाजशास्त्राच्या खात्यात जमा झाली.

शिवाय क्लॅरिव्हेटच्या वेब ऑफ सायन्स या सूचीत ‘सार्वजनिक सुरक्षा’ असा वर्गच नाही. अशी पत्रिका गुन्हेशास्त्र, लोकप्रशासन, कायदा किंवा राज्यशास्त्र यांपैकी कुठल्यातरी गटात बसवतात आणि तिचा क्रमांक त्या गटातल्या शेजाऱ्यांवर ठरतो. दोन वर्षांची मुदतही या विषयाला आखूड पडते. माहिती मिळवायची, खात्याची परवानगी काढायची, लिहायचे, परीक्षण व्हायचे; तोवर आधारासाठी घेतलेला लेख तीन-चार वर्षांचा झालेला असतो.

इंग्रजीबाहेरच्या पत्रिकांची स्थिती याहून बिकट. ब्राझीलमध्ये सार्वजनिक सुरक्षेला वाहिलेली ‘रेव्हिस्टा ब्राझिलेइरा दि सेगुरान्सा पुब्लिका’ ही पत्रिका २००७ पासून निघते. ती पोर्तुगीजमध्ये आहे आणि तिचा आधार घेणारेही बहुतांशी पोर्तुगीज लिहिणारे. लॅटिन अमेरिकेने यावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस सायेलो ही स्वतःची सूची उभी केली. मराठी आणि कोकणीला अशी व्यापक सूची नाही. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा अभ्यास चालतो, तेव्हा पोलीसव्यवस्थेवरचे ब्राझिलियन लेखन मुळातून वाचू शकणारी माणसे इथे आहेत. हा गोव्याचा फायदा अजून फारसा कोणी घेतलेला दिसत नाही.

नियम आणि गुण

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत प्रभावांकाला थेट गुण आहेत. प्रभावांक नसलेल्या परीक्षित पत्रिकेतल्या लेखाला ५ वाढीव गुण, एकच्या खाली असेल तर १०, एक ते दोनमध्ये १५, आणि दहाच्या वर ३०. वरच्या उदाहरणातल्या १४ उद्धरणांची किंमत इथे कळते: ०.८ चे १.१ झाले की प्रत्येक निबंधामागे पाच गुण वाढले, त्यात एक ओळही न बदलता. गंमत म्हणजे नियमावलीत प्रभावांक थॉमसन रॉयटर्सच्या यादीप्रमाणे धरावा असे म्हटले आहे. ती यादी त्याआधी दोन वर्षे थॉमसन रॉयटर्सकडून क्लॅरिव्हेटकडे गेली होती.

बनावट पत्रिकांना आळा घालण्यासाठी आयोगाने केअर ही यादी २०१९ मध्ये सुरू केली. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद झाल्याचे जाहीर झाले आणि पत्रिका पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आली. मिळतेजुळते नाव असलेले भलतेच ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ मुखपृष्ठावर छापणाऱ्या पत्रिका अजून आहेत. आयएसएसएन क्रमांकही दर्जाचा दाखला मानला जातो, तो तसा नाही. तो नियतकालिकाची ओळख पटवणारा आठ स्थानांचा क्रमांक आहे, एवढेच. नुसत्या आकड्यांवरून माणसे जोखू नयेत असे २०१२ चा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा आणि २०१५ चा लायडन जाहीरनामा सांगतात. बढतीच्या मुलाखतीत त्यांचा उल्लेख क्वचितच निघतो.

नावांचा घोळ

गोव्यातल्या लेखकांची उद्धरणे हरवण्याचे एक कारण अगदी स्थानिक आहे. रोमी लिपीत पोर्तुगीज वळणाने देसाई, सरदेसाई ही आडनावे दोन ‘एस’ घालून लिहितात, महाराष्ट्रात एक. कामत आणि नाईक यांच्याही दोन-तीन तऱ्हा आहेत. गावांचेही तसेच: पणजीची पंजिम आणि पंगिम, म्हापशाचीही अनेक रूपे. संगणकाला ही वेगवेगळी माणसे आणि वेगवेगळी गावे वाटतात, आणि एकाच प्राध्यापकाचे दोन अर्धवट एच-निर्देशांक तयार होतात. देवनागरीत छापलेल्या लेखाचे शीर्षक कोणी रोमीत, कोणी भाषांतर करून संदर्भसूचीत देतो, तेव्हा तर जुळणी होतच नाही. ओआरसीआयडी हा १६ स्थानांचा लेखक-क्रमांक २०१२ पासून फुकट मिळतो. नव्या लेखाबरोबर तो दिला की नावाचा प्रश्न बराचसा मिटतो. जुने लेख मात्र एकेक शोधून लेखकालाच आपल्या क्रमांकाशी जोडावे लागतात.