स्मृतिभ्रंश : रुग्ण व काळजीवाहक यांचे व्यायामक्रम

स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) झालेल्या वृद्ध व्यक्तीने, बहुधा काळजीवाहकाच्या, म्हणजे जोडीदाराच्या किंवा मुला-मुलींच्या, साथीने, नियमितपणे करावयाचे आखीव व्यायाम. चालणे, तोल सांभाळणे, खुर्चीतून उठणे-बसणे व स्नायूंना बळ देणे हे नेहमीचे प्रकार.

या पद्धतीचा आरंभ नेमका सांगणे अवघड आहे. रुग्णांच्या व्यायामाचे प्रयोग आधीपासून होत होते; काळजीवाहकालाच प्रशिक्षण देण्याच्या संदर्भात मात्र लिंडा टेरी व सहकाऱ्यांच्या २००३ मधील अमेरिकी अभ्यासाचा उल्लेख प्रामुख्याने होतो. त्यात अल्झायमरच्या १५३ रुग्णांपैकी निम्म्यांना रोज किमान ३० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट होते. शारीरिक आरोग्य सुधारले, खिन्नता कमी झाली. परंतु काळजीवाहकांना वर्तनसमस्या हाताळण्याचेही धडे दिलेले असल्याने सारे श्रेय व्यायामाला देता येत नाही.

व्यायामाने आकलनशक्ती (स्मरण, विचार, लक्ष) सुधारते काय, हा खरा वादाचा मुद्दा. २००४ मध्ये व्यायामाच्या ३० प्रायोगिक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून होकारार्थी निष्कर्ष निघाला. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात (१७ चाचण्या) तसा पुरावा आढळला नाही. दैनंदिन कामे करण्याच्या क्षमतेबाबत मात्र लाभाची शक्यता दिसली. इंग्लंडमधील ४९४ रुग्णांच्या चाचणीत (२०१८) चार महिन्यांच्या बऱ्यापैकी जोरकस व्यायामाने अंगातली ताकद वाढली, पण वर्षअखेरीस आकलनाचे गुण नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा किंचित वाईटच निघाले. फरक लहान होता आणि व्यायाम काळजीवाहकाच्या जोडीने नव्हे, तर मुख्यतः व्यायामशाळेत गटाने करावयाचा होता, हे विसरू नये. तरीही स्मृतीसाठी व्यायाम सुचवण्यापेक्षा हिंडते-फिरते राहण्यासाठी तो सुचवणे अधिक सयुक्तिक वाटते. फिनलंडमधील २१० जोडप्यांच्या अभ्यासाचा (२०१३) कलही तिकडेच आहे : वर्षभर घरी व्यायाम करणाऱ्यांची कार्यक्षमता अधिक सावकाश घटली, पडण्याचे प्रसंगही कमी झाले.

काळजीवाहकांवरील परिणामांची नोंद तुलनेने कमी आहे. इंग्लंडमध्ये रुग्ण व काळजीवाहक अशा १३१ जोड्यांनी नियमित चालण्याच्या प्रयोगात (२०१४) रुग्णांच्या वर्तनलक्षणांत लक्षणीय फरक पडला नाही. काळजीवाहकांवरील ताण मात्र व्यायाम करणाऱ्या गटात कमी आढळला.

व्यायाम करवून घेताना काळजीवाहकाने सूचना एका वेळी एकच द्यावी. ‘उठा’ म्हणण्याआधी पावले मागे घ्यायला लावावीत, हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवून घ्यावेत आणि समोर बसून स्वतः उठून दाखवावे. उभे राहताच रक्तदाब उतरत असल्यास, जसे ल्युई पिंडांच्या (मेंदूच्या पेशींत साचणाऱ्या प्रथिनांच्या गोळ्यांच्या) स्मृतिभ्रंशात पुष्कळदा होते, बैठे व्यायाम निवडतात.