रॉकेल, बर्फ आणि हीथ्रोचं गवत

विमान पडलं आणि आतली माणसं वाचली, की तर्काला भलताच जोर चढतो. १७ जानेवारी २००८ ला बीजिंगहून लंडनला आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७७७ हीथ्रोच्या धावपट्टीच्या सुमारे ३३० मीटर अलीकडे गवतात आपटलं. चाकांचे सांगाडे मोडले, धूड घसरत धावपट्टीच्या तोंडाशी येऊन थांबलं. १५२ जण होते, सगळे वाचले.

जमिनीपासून ७२० फुटांवर असताना जोर आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेने इंजिनांकडे जास्त जोर मागितला. आधी उजव्या इंजिनाचा जोर घसरला, सात सेकंदांनी डाव्याचा. इंजिनं बंद पडली नव्हती, पुरेसं इंधन मिळत नसल्यासारखी नुसती रेंगाळत होती.

मग तर्क सुरू झाले. इंधन संपलं असेल? टाक्यांत साडेदहा टन शिल्लक होतं. पक्षी? दोन्ही इंजिनांत तसा मागमूसही नाही. चीनला निघालेल्या पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांचा ताफा त्याच सुमारास विमानतळावर आला होता, म्हणून त्यातल्या जॅमरवरही संशय गेला. तपासात तोही खोटा ठरला. उड्डाणाचा क्रमांक ३८, म्हणजे तीन आणि आठ अकरा, हे आपल्याकडे घडलं असतं तर अंकशास्त्रवाल्यांना आठवडाभर धंदा मिळाला असता.

सर्वांत पटण्यासारखा तर्क म्हणजे ‘थंडीत इंधन गोठलं’. रशियातल्या उरल पर्वताजवळ बाहेरची हवा उणे ७६ अंशांपर्यंत उतरली होती. पण इंधन उणे ३४ च्या खाली गेलंच नाही, आणि हे विशिष्ट इंधन गोठतं उणे ५७ ला. गोठलं होतं त्यातलं पाणी.

विमानाचं इंधन म्हणजे जवळजवळ आपलं रॉकेलच. ज्यांनी रॉकेलचा स्टोव्ह पेटवलाय त्यांना डब्याच्या तळाचं पाणी आणि त्याने फडफडणारी ज्योत ठाऊक आहे. जेटच्या इंधनात पाणी फार थोडं असतं. सुमारे ७९ टनांत पाचेक लिटर, म्हणजे मोरीतल्या बादलीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, आणि तेही नियमांत बसणारं.

आता माझा आवडता भाग. बर्फ नेहमी सारखाच चिकट नसतो. इंधनातला बर्फ साधारण उणे ५ ते उणे २० च्या पट्ट्यात सर्वांत चिकट असतो, त्याहून गार झाला की कोरडा पडून सुटा वाहतो. समतल उड्डाणात इंजिनं कमी इंधन पितात, प्रवाह संथ असतो, आणि बर्फ नळ्यांच्या आतल्या भिंतींवर हळूहळू साचतो. उतरताना जोर लागतो, प्रवाह एकदम वाढतो आणि साचलेलं एकाच वेळी सुटतं. पहिल्या रिमझिमीत पन्हळीत पाला साचत राहावा आणि मोठ्या सरीने तो सगळा जाळीवर आणून टाकावा, तसंच.

ती जाळी कुठे? इंजिनातलं तापलेलं तेल थंड करायचं आणि इंधन कोमट करायचं, या दोन्ही कामांसाठी एक हीट एक्स्चेंजर असतो. हजाराहून जास्त बारीक नळ्या, आतून इंधन, बाहेरून तेल. या विमानाची इंजिनं रोल्स-रॉइसच्या ट्रेंट ८०० मालिकेतली, त्यांत या नळ्यांची टोकं इंधन शिरण्याच्या तोंडाशी चार मिलिमीटर वर आलेली होती. बर्फाचा भुगा तिथेच अडकला आणि इंधनाची वाट अरुंद झाली. बर्फ वितळवू शकेल अशीच ती जागा होती, म्हणून तिचा संशय कोणाला आला नाही.

पुरावा तर अपघातानंतर वितळून गेला होता. उरले होते ते उच्च दाबाच्या पंपांच्या आतले पोकळीभवनाचे ओरखडे: पंपाकडे दाबाने इंधन आलं नाही की द्रवात बुडबुडे होऊन फुटतात, त्याची ही खूण. बाकी प्रयोगशाळेत बर्फ बनवून पाहावं लागलं.

इंजिनं रेंगाळत असतानाच कॅप्टनने फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांच्या मागे खाली झुकवलेल्या झडपा, ३० वरून २५ वर आणले होते. त्यामुळे हवेचा अडथळा कमी झाला आणि विमान सुमारे ५० मीटर पुढे पडलं, उतरण्याच्या दिशादर्शक अँटेनांच्या पलीकडे.

त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला शांघायहून अटलांटाला जाणाऱ्या डेल्टाच्या ७७७ चं एक इंजिन मोंटानावर असंच मंदावलं. मात्र उंची भरपूर होती. वैमानिकांनी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणारा दांडा, मागे ओढला, प्रवाह घटला, तेलाच्या उष्णतेने बर्फ वितळला आणि थोड्या वेळात इंजिन पूर्ववत झालं. पुढे एक्स्चेंजरच्या नळ्यांची ती टोकं तोंडाशी सपाट करण्यात आली.