ॲल्युमिनियम ओतकामातील श्राव्यातीत प्रक्रिया

वितळलेल्या किंवा गोठू लागलेल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूत साधारण १७ ते २२ किलोहर्ट्झ कंप्रतेचे तीव्र ध्वनितरंग सोडून ओतीवाचे स्फटिककण बारीक करण्याची पद्धत. त्याच प्रक्रियेत रसातला, म्हणजे वितळलेल्या धातूतला, हायड्रोजन निघतो, ऑक्साइडच्या गुठळ्या फुटतात आणि आंतरधातू संयुगांचे (धातूंच्या आपसातल्या संयुगांचे) स्फटिक लहान राहतात. १७ किलोहर्ट्झवर चालणारे यंत्र नावाला श्राव्यातीत असले तरी तरुण कानांना चांगलेच टोचते, म्हणून जवळ काम करणाऱ्याला कानबंद लागतातच.

वितळलेल्या धातूवर ध्वनीचे प्रयोग १९३० च्या दशकात झाले. पण ॲल्युमिनियमसाठीचा पाया घातला तो मॉस्कोत गिओर्गी एस्किन यांच्या दीर्घ संशोधनाने. पुढे ब्रिटनमधील ब्रुनेल, ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठ आणि अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळा येथे हे काम वाढले.

कण बारीक करण्याची नेहमीची रीत म्हणजे ॲल्युमिनियम-टायटॅनियम-बोरॉन मास्टर अलॉय (रसात टाकायचा तयार मिश्रधातू) टाकणे. ती स्वस्त आणि सोपी आहे. मात्र रस थांबवून ठेवला की टायटॅनियम बोराइडचे जड कण तळाशी बसतात, सिलिकॉन सुमारे ३ टक्क्यांवर गेले की परिणाम घटतो, आणि झिर्कोनियम असेल तर तो जवळजवळ मारला जातो. ध्वनीकडे वळण्याची खरी कारणे ही आहेत.

यंत्रणेत जनित्र, विजेचे कंपनात रूपांतर करणारा ट्रान्सड्यूसर, परमप्रसर (कंपनाचा विस्तार) वाढवणारा बूस्टर आणि रसात बुडणारा दांडा म्हणजे सोनोट्रोड असतो. पीझोविद्युत ट्रान्सड्यूसर कार्यक्षम, पण उष्णतेला नाजूक. त्यामुळे भट्टीजवळ पाण्याने थंड ठेवलेला चुंबकीय-आकुंचनी (चुंबकक्षेत्राने लांबी बदलणाऱ्या धातूचा) प्रकार जास्त टिकतो. सोनोट्रोडची लांबी अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत ठेवतात: २० किलोहर्ट्झला टायटॅनियमसाठी सुमारे १२५ मिलिमीटर, नायोबियमसाठी सुमारे ८७. दांडा तापला की धातूची ताठरता घटते, त्यातला ध्वनिवेग उतरतो आणि अनुनाद खाली सरकतो. म्हणून थंड असताना जुळवलेला दांडा रसात बुडताच सूर सोडतो. त्याची लांबी गरम अवस्थेसाठी थोडी कमी धरावी लागते आणि जनित्राने कंप्रता आपोआप माग काढत बदलावी लागते.

टोकाचा परमप्रसर १० ते २० मायक्रोमीटर असतो. आकडा किरकोळ वाटतो, पण २० किलोहर्ट्झ आणि २० मायक्रोमीटरला टोकाचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ३२ हजार पट होते. ध्वनीची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला साधारण १०० वॉटच्या पुढे गेली की रसात कॅव्हिटेशन सुरू होते: तरंगाच्या ताणात सूक्ष्म बुडबुडे फुगतात आणि दाबात कोसळतात. त्या धक्क्याने ऑक्साइडच्या भेगांत रस शिरतो आणि एरवी निकामी असलेले कण स्फटिकबीज बनतात. कोसळताना क्षणभर वाढणाऱ्या दाबाने द्रवणांकही वर जातो, दर गिगापास्कलला सुमारे ६० अंश. त्यामुळे तेवढ्या जागी रस एकदम अतिशीतित होतो, म्हणजे गोठणबिंदूखाली जाऊनही द्रव असतो. लिक्विडसच्या (ज्या तापमानाला रस गोठू लागतो त्याच्या) खाली डेंड्राइटच्या, म्हणजे झाडासारख्या वाढणाऱ्या स्फटिकांच्या, फांद्या तुटतात आणि ध्वनीने रसात उठणारा प्रवाह ते तुकडे सगळीकडे पसरवतो. यातले कोणते कारण प्रभावी ठरेल हे मुख्यतः तापमानावर अवलंबून असते.

म्हणूनच या कामात वॉटपेक्षा थर्मोकपल (तापमान मोजणारा संवेदक) महत्त्वाचा. ए३५६ ही ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातू घेऊ. आपल्या फाउंड्र्यांत चालणारे एलएम२५ तिच्या अगदी जवळचे आहे. तिचा लिक्विडस सुमारे ६१५ अंश सेल्सिअस. रस ७२० अंशांवर साफ करून ड्रॉस (वर तरंगणारी ऑक्साइडची मळी) काढतात, आधी तापवलेला सोनोट्रोड १० ते २० मिलिमीटर बुडवतात आणि साधारण ६५० अंशांपासून लिक्विडसपर्यंत रस उतरेतो कंपन चालू ठेवतात. किलोभर रसाला एक-दोन मिनिटे पुरतात. फक्त ७०० अंशांवर कंपन देऊन थांबले तर वायू निघतो, पण कण फारसे बारीक होत नाहीत. उलट फार खाली गेले तर घनभाग वाढून ध्वनी शोषला जातो, दांड्याभोवती धातू गोठतो आणि पातळ भिंतीचा साचा भरत नाही. प्रक्रिया झालेला रस पुन्हा तापवला तर तुटलेले तुकडे विरघळतात आणि मेहनत वाया जाते.

उंच तापमानाचाही एक उपयोग आहे. मिश्रधातूत ०.२ टक्क्यांच्या आसपास झिर्कोनियम आणि थोडे टायटॅनियम असेल, तर ॲल्युमिनियमच्या आधी जन्मणारे झिर्कोनियम संयुगाचे स्फटिक ध्वनीने बारीक होतात आणि तेच पुढे बीज ठरतात. मास्टर अलॉयला मारक असलेले झिर्कोनियम इथे मदतीला येते.

निष्कर्ष काढताना दोन गोष्टी हमखास फसवतात. थंड सोनोट्रोड स्वतःच शीतक बनतो. त्याच्या पृष्ठावर कण जन्मतात आणि रसात मिसळतात. दुसरे म्हणजे टायटॅनियमचा दांडा झिजून रसात विरघळतो, आणि विरघळलेले टायटॅनियम कण बारीक करतेच. त्यामुळे तोच दांडा तेवढाच वेळ कंपनाशिवाय बुडवून तुलनेचा नमुना ओतावा, आणि आधी-नंतर स्पेक्ट्रोमीटरवर टायटॅनियम मोजावे. या दोन तपासण्या नसलेल्या दाव्यावर भरवसा ठेवू नये. नायोबियम किंवा सायलॉन सिरॅमिकचा दांडा झीज बरीच कमी करतो. सिरॅमिक मात्र उष्णतेच्या धक्क्याने तडकते. कण पाहण्यासाठी नमुना बार्करच्या द्रावणात ॲनोडाइझ करून ध्रुवित प्रकाशात बघतात.

हायड्रोजनसाठी कमी दाबाखाली गोठवलेल्या नमुन्याची घनता तपासतात. पावसाळ्यात दमट हवेतून रस पुन्हा वायू घेतो. कंपन कितीही दिले तरी हवेशी समतोल असणाऱ्या पातळीपेक्षा हायड्रोजन फार काळ कमी राहत नाही. अशा वेळी ओतायला उशीर करू नये.

सिलिकॉनच्या युटेक्टिकवर (ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन एकत्र गोठणाऱ्या शेवटच्या भागावर) ध्वनीचा परिणाम बेभरवशाचा आहे, म्हणून तिथले सिलिकॉन बारीक करण्यासाठी टाकले जाणारे स्ट्रॉन्शियम बंद करता येत नाही. मोठा रस ही दुसरी अडचण. टोकाखालचा बुडबुड्यांचा ढगच पुढचा ध्वनी अडवतो आणि प्रभावी क्षेत्र टोकाजवळ उरते. ५०० किलोच्या भट्टीत एक दांडा बुडवण्यात अर्थ नाही. सलग ओतकामात दांडा गोठणाऱ्या बिलेटच्या (लांब ओतीव दंडाच्या) वरच्या द्रव खळग्यात ठेवतात, किंवा रस ज्या पन्हळीतून जातो तिथेच आडभिंती घालून प्रवाह टोकाखालून वळवतात. पन्हळीत तापमान लिक्विडसच्या बरेच वर असल्याने झिर्कोनियम-टायटॅनियमसारखी संयुगे असलेल्या मिश्रधातूंनाच तिथे कणांच्या बाबतीत ठळक लाभ मिळतो.