शिशाचा धूर आणि गुळाचा खडा
सांगलीत कृष्णाकाठी मासेमारीच्या जाळ्याची शिशाची वजने साच्यात ओतणाऱ्यांत, वाऱ्याकडे पाठ करून बसले आणि नंतर गुळाचा खडा खाल्ला की शिसे बाधत नाही, असा जुना समज आहे. वस्तुतः शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, उकळते मात्र सुमारे १७४९ अंशांना. त्यामुळे ओतकामाच्या नेहमीच्या तापमानाला त्याची वाफ अगदीच नगण्य असते, आणि डोळ्यांना झोंबणारा धूर बहुधा तेलाचा, मेणाचा किंवा जुन्या रंगाचा असतो. खरा धोका वितळलेल्या शिशावर साचणाऱ्या राखाडी मळीत आहे, जी पळीने काढताना भुकटी होऊन बोटांवर, नखांत आणि कपड्यांवर बसते. गूळ शिशावर उतारा नाहीच. उलट न धुतलेल्या हाताने तो खाणे म्हणजे तीच भुकटी पोटात घालणे होय. ओतकाम उघड्यावरच करावे, साबणाने हात धुवावेत, आणि ते कपडे लेकरांच्या धुण्यात मिसळू नयेत.