अंबलप्पुळा पालपायसम

अंबलप्पुळा पालपायसम : केरळच्या आलप्पुळा जिल्ह्यातील अंबलप्पुळा येथील श्रीकृष्ण मंदिरात रोज दुपारच्या पूजेला दाखवला जाणारा आणि नंतर भाविकांना प्रसाद म्हणून मिळणारा गोड नैवेद्य. मल्याळममध्ये ‘पाल’ म्हणजे दूध, आणि ‘पायसम’ म्हणजे आपल्या पोथ्यांमधले पायस, अर्थात खीर. पनवेलहून निघून कोकण आणि गोव्यातून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ आलप्पुळा शहर सोडून दक्षिणेला दहा-पंधरा किलोमीटर गेला की अंबलप्पुळा लागते. येथील देव पार्थसारथी रूपात आहे : एका हातात सारथ्याचा चाबूक, दुसऱ्या हातात शंख.

पायसमात घालायचे जिन्नस तीनच, दूध, तांदूळ आणि साखर. वेलदोडा नाही, जायफळ नाही, केशर नाही, काजू-बेदाणेही नाहीत. मराठी घरातल्या खिरीची सवय असलेल्याला हे वर्णन ऐकून पदार्थ मिळमिळीत वाटेल, पण इथे चव मसाल्याची नसून आटण्याची आहे. ‘वार्प्पु’ नावाच्या प्रचंड कढईत दुधात त्याच्या कैकपट पाणी घालून सकाळी लवकर चुलीवर चढवतात आणि मंद आचेवर ते पाणी तासन्‌तास आटवतात. दुधात पाणी घालून पुन्हा तेच उडवायचे, हा खटाटोप उगाचचा वाटतो, पण त्यामागे हिशेब आहे. नुसते दूध आटवायला घेतले की ते लवकर घट्ट होते आणि बुडाला लागते. पाणी असल्याने दुधाला करपल्याशिवाय फार वेळ उकळता येते. एवढ्या वेळात दुधातली साखर व प्रथिने यांची एकमेकांवर प्रक्रिया होऊन पायसमाला त्याचा प्रसिद्ध फिकट गुलाबीसर रंग येतो. बासुंदी करणाऱ्यांना हा रंग ओळखीचा आहे. मात्र पायसम बासुंदीइतके दाट नसते, वाटीने पिता येते. तांदूळ उकडा चालत नाही. केरळात रोजच्या जेवणात उकडा भात असला तरी देवाच्या नैवेद्याला न उकडता वाळवलेला तांदूळ, ‘उणक्कलरी’, घेतात. साखर शेवटी पडते.

पायसमाची कीर्ती पसरली ती त्याच्या कथेमुळे. अंबलप्पुळा ही चेंबकश्शेरी राज्याची राजधानी होती. तिथले राजे ब्राह्मण होते आणि त्यांना ‘देवनारायण’ म्हणत. त्यांपैकी एकाला बुद्धिबळाचा भारी नाद. एक साधू दरबारी आला, डाव मांडला गेला आणि राजाने पणाला काय लावू असे विचारले. साधूने मागितले तांदूळ : पटाच्या पहिल्या घरात १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४, असे प्रत्येक घरात दुप्पट. राजा हरला. दहाव्या घरात ५१२ दाणे झाले तेव्हा कोठावळ्याला हसू आले असेल. विसाव्या घरात ५,२४,२८८ दाणे होतात, म्हणजे अदमासे १३ किलो. तिसाव्या घरात १३ टन. चाळिसाव्यात १३ हजार टनांच्या वर. चौसष्ट घरांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाणे. दाणा २५ मिलिग्रॅमचा धरला तर आज सगळ्या जगात पिकणारा तांदूळ आठ-नऊशे वर्षे साठवावा लागेल. राजा हवालदिल झाला तेव्हा साधूने आपले खरे, कृष्णाचे, रूप दाखवले आणि सवलत दिली : एकदम फेडू नकोस, देवळात येणाऱ्यांना रोज पायसम वाढ, कर्ज फिटेपर्यंत.

दुपटीचा हा हिशेब अंबलप्पुळ्याचा एकट्याचा नव्हे. तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकान या अरबी चरित्रकाराने बुद्धिबळाच्या जनकाबद्दल हीच गोष्ट गव्हाच्या दाण्यांवर सांगितली आहे. अंबलप्पुळ्याने तिच्यात भर घातली ती हप्त्यांची. (महाराष्ट्रात या राजाला दामदुपटीचा आधार मिळाला असता. मुद्दलापेक्षा जास्त व्याज एका वेळी वसूल करता येत नाही, हा धर्मशास्त्राचा नियम मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही मानला. पण पैज हे कर्ज नव्हे, असे म्हणून साधूच्या वकिलाने तो उडवून लावला असता.)

दुसरी आख्यायिका कमी प्रसिद्ध आहे आणि मला ती जास्त खरी वाटते, निदान गावाच्या अंगाने. राजाने एका तमिळ ब्राह्मणाकडून हजारो परा भात उसने घेतले होते (‘परा’ हे धान्याचे माप, आपल्या पायलीसारखे). परतफेड लांबली तसा ब्राह्मण हटून बसला. शेवटी राजाच्या कारभाऱ्याने प्रजेकडून भात गोळा करून देवळापुढे रास लावली आणि सांगितले, दुपारच्या पूजेआधी सगळे उचला. एवढे धान्य न्यायला नावा हव्यात आणि नावाडी तर मिळेनात. ब्राह्मणाने मुकाट्याने ते देवाला अर्पण केले. त्याच्या व्याजातून रोजचे पायसम सुरू झाले. पहिल्या कथेत देव सावकार आहे, दुसरीत माणूस, पण दोन्हींकडे पायसम म्हणजे तांदळाच्या देण्याचा हप्ता. ही कल्पना इथेच सुचावी यात नवल नाही. शेजारचे कुट्टनाड हे केरळचे भाताचे कोठार, समुद्रसपाटीखालच्या जमिनीत बांध घालून शेती होणारा, नावेशिवाय धान्य न हलणारा मुलूख.

अठराव्या शतकाच्या मध्यास त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्याने चेंबकश्शेरी जिंकून घेतले. त्याच शतकातला कवी कुंचन नंबियार या देवळाशी जोडला गेला आहे. ‘तुळ्ळल’ हा नृत्य-कथनाचा प्रकार त्याने इथेच पहिल्यांदा सादर केल्याचे सांगतात. त्याच्या नावावरची एक गोष्ट पायसमाची आहे. राजा पायसम चाखून म्हणाला, ‘कडू आहे.’ सारे दरबारी लगेच ‘हो, कडूच,’ म्हणून पाने सारून बसले. नंबियार खातच राहिला. राजाने विचारले तर म्हणाला, ‘मला हा कडूपणा आवडतो.’

१७८९ मध्ये टिपू सुलतानाच्या स्वारीच्या धास्तीने गुरुवायूरची कृष्णमूर्ती हलवून अंबलप्पुळ्याला आणून ठेवली होती. १७९२ मध्ये ती परत गेली. तेव्हापासून गुरुवायूरप्पन, म्हणजे गुरुवायूरचा कृष्ण, रोज नैवेद्याच्या वेळी पालपायसमासाठी अंबलप्पुळ्याला येतो अशी श्रद्धा आहे. पाहुणचाराची चव जिभेवर राहिली, असा तिचा साधा अर्थ.

मंदिर आज त्रावणकोर देवस्वम मंडळाच्या, म्हणजे देवळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या, ताब्यात आहे. पायसम पावती घेऊन मिळते, आणि मागणी पुरवठ्यापेक्षा नेहमीच जास्त असते. विकलेले पायसम कर्जफेडीत धरायचे का, हे कथेत आलेले नाही. २०१९ मध्ये एका बेकरीने याच नावाने पायसम विकल्यावर वाद झाला. त्या निमित्ताने मंडळाने ‘गोपाळ कषायम’ हे नाव पुढे आणले. कषायम म्हणजे काढा. आटवण्याची रीत पाहता ते अगदीच चुकीचे नव्हते. पण लोकांना ते रुचले नाही आणि बेत मागे पडला.