जाड फ्युएल रेल लावली की पॉवर वाढते?

आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या गाडीवाल्यांत हे कायम फिरतं की जाड बोअरची कस्टम फ्युएल रेल बसवा, पिकअप वाढतो. पटण्यासारखं आहे, पण रेल म्हणजे प्रेशरखाली पेट्रोल भरलेली नळी फक्त, सिलिंडरला किती पेट्रोल द्यायचं ते ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरवतो, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा नोझल) किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा त्यावरून, आणि प्रेशर सांभाळतो रेग्युलेटर, बऱ्याच पेट्रोल गाड्यांत साधारण ३-४ बार.

खात्री करायचीय? रेलला प्रेशर गेज लावा, कन्नड घाट चढताना फुल रेसला शेजारच्याला काटा बघायला सांगा. पडला नाही तर रेल पुरतेय. पडला तरी भाऊ, आधी फिल्टर आणि पंप बघा. मोठे इंजेक्टर, टर्बो असेल तर मोठी रेल कामाची, प्रेशरचे हेलकावे कमी होतात. लेथवर बनवून घेत असाल तर इंजेक्टरच्या ओ-रिंगची (गळती रोखणारी रबरी रिंग) जागा नखाने तपासा, बारीक चरा असला तरी पेट्रोल गळून थेट गरम इंजिनवर.